शंभर वर्षांची सही

रोझाबाईंना काही विचारलं की त्या इतका वेळ गप्प बसायच्या, की विचारणारा अवघडून स्वतःच उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आणि मी ही अशी बडबडी! मुलाकडे ॲरिझोनात राहायला आले, तेव्हा शनिवारच्या बाजारात त्यांच्यापुढे मटकीसारखं काहीतरी दिसलं. "भिजवून मोड येतात का हो याला?" मी माझ्या कामचलाऊ इंग्रजीत विचारलं. त्या गप्प. शेवटी मीच म्हटलं, "येत असतील." तेव्हा कुठे हसल्या. "घेऊन जा. आले तर मलाही सांग."

आले की! पुढच्या शनिवारी उसळीचा डबा घेऊन मी हजर. तिथून आमचं जमलं.

रोझाबाई इथल्या मूळ लोकांपैकी. त्यांची जमात आमच्या शहराला लागूनच राहते, आणि नदीच्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा, शहर वसायच्या कितीतरी आधीचा. कोर्टात पिढ्यानपिढ्या भांडून त्यांनी तो मान्य करून घेतलेला. पण हक्क कागदावर, पाइप टाकायला पैसा नाही. रोझाबाईंच्या घरी साधा नळ नव्हता. त्यांचा भाऊ अर्ल पिकअपमध्ये टाकी ठेवून लांबून पाणी आणायचा. आणि या बाई जमातीच्या पाणी समितीवर!

अशात आमच्या नगरपालिकेने त्या पाण्याला मागणी घातली. शंभर वर्षांच्या भाड्याने द्या, पैसे एकदम घ्या. त्यांच्या घरोघरी नळ आले असते. इकडे नवी घरं त्याच पाण्याच्या भरवशावर उभी राहणार होती, त्यातलं एक आमच्या मुलाने बुक केलेलं. "आई, तुझी मैत्रीण आहे ना समितीत? जरा विचारून बघ ना."

विचारलं. त्या गप्प. या वेळी मीही जीभ आवरून बसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाड्याने द्यायला माझी ना नाही. पण करार संपेल तेव्हा सही करणारा जिवंत हवा. नाहीतर जाब कोणाला विचारायचा?"

सभेला मीही जाऊन मागे बसले. नगरपालिकेचा वकील म्हणाला, "तसंही तुमचं पाणी न वापरता वाहून जातं. वायाच ना?"

रोझाबाईंनी त्याला भरपूर चुळबूळ करू दिली. मग म्हणाल्या, "तुमच्या घरी पाहुण्यांची खोली रिकामी असेल. वाया जाते म्हणून मी शंभर वर्षं राहायला येऊ?"

सगळे हसले. अर्ल नाही हसला. उठून म्हणाला, "शहाणपण तुझं, रोझा, पण पाठ माझी मोडते."

"माहीत आहे मला. पण आजचा भाव तुझ्या नातीच्या नातीच्याही गळ्यात बांधू का?"

शेवटी पंचवीस वर्षांवर तडजोड झाली. मधून मधून भाव नव्याने ठरवायचा. सहीच्या आधीच रोझाबाईंनी समिती सोडली. "पंचवीस वर्षं मी काही टिकत नाही," म्हणाल्या. त्यांच्या जागी अर्लचीच मुलगी निवडून आली, सही तिने केली. आमचं घर झालं. जमातीला मात्र पैसे कमी मिळाले. पाइप शाळेपर्यंत आणि जवळच्या वस्तीपर्यंत पोचला, टोकाची घरं राहिली. रोझाबाईंचं आणि अर्लचं त्यातच.

तेव्हापासून अर्ल बहिणीशी बोलेना. पाणी मात्र आणून द्यायचा. टाकी अंगणात उतरवायची आणि मागे न बघता गाडीत बसायचं. मी एकदा म्हटलं, "रोझाबाई, तुम्हीच बोला की आधी." त्या म्हणाल्या, "रागावायचा हक्क आहे त्याला. तो कसा काढून घेऊ?"

गेल्या हिवाळ्यात रोझाबाई गेल्या. मी भेटायला गेले, तर अर्ल आल्यागेल्याला त्या टाकीतलं पाणी देत उभा होता. मलाही पेला दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नळ अजून नाही आला?"

"उन्हाळ्यात येईल म्हणतात." मग म्हणाला, "यंदा मुलीने भाव वाढवून मागितला. मुकाट्याने दिला नगरपालिकेने."

"रोझाबाईंना कळलं होतं?"

त्याने टाकीची तोटी नीट बंद केली. "कोण सांगणार? मी बोलत नव्हतो ना तिच्याशी."