पत्र्याखालचे सलीमभाई

दीड महिना झाला. परिपाठ संपत आला होता, तेवढ्यात शिपायानं कानाशी येऊन सांगितलं, सलीमभाई पत्रेवाले गेले. मी पोरांना वर्गात पाठवलं, हजेरी घ्यायला लागलो आणि एकच नाव दोनदा पुकारलं.

देगलुरात उन्हाळ्यासाठी छपराच्या पत्र्याखाली चकचकीत चंदेरी शीट बसवायची तर सलीमभाईंनीच. पत्रा आणि शीट यांच्यात वीतभर जागा सोडायचीच, यावर ते हटून बसत. काम झालं की परीक्षा स्वतःच्या टकलानं. भर दुपारी टोपी काढून आधी उघड्या पत्र्याखाली बसायचे, मग शीटखाली. आम्ही मास्तर मंडळी पोट धरून हसायचो.

आमच्या शाळेत त्यांनी एका वर्गाला शीट लावून दाखवली. मी विज्ञानाचा शिक्षक. दोन वर्गांत दोन तापमापक टांगले. पारा जवळपास सारखाच. शाळा समितीपुढं मी ठासून सांगितलं, काही फरक पडत नाही. सलीमभाई एवढंच म्हणाले, "एकदा बसून तर बघा, सर." मी बसलो नाही. बाकीच्या वर्गांचं काम रद्द झालं.

मागच्या उन्हाळ्यात पोरं डोक्यावर वह्या धरून बसलेली दिसली आणि मनात खटकलं. एक लोटी काळी रंगवली, आत तापमापक सोडला, दोन्ही वर्गांत आळीपाळीनं टांगली. उघड्या पत्र्याखाली पारा भराभर चढला, शीटखाली बराच मागं राहिला. माझे आधीचे तापमापक नुसती हवा मोजत होते. पत्र्यातून अंगावर येणारी धग त्यांना कळतच नव्हती. ती टकलाला कळत होती. पण हे सांगायचं म्हणजे चारचौघांत चूक कबूल करणं आलं. मी लोटी कपाटात ठेवून दिली आणि पोरं तशीच तापत राहिली. याची मला लाज वाटते.

परवा समितीपुढं सगळं सांगितलं आणि मग सलीमभाईंच्या घरी गेलो. भाभींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना मालूम होतं, सर," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या पोरांनी लोटीचं सांगितलं होतं. सर येतील म्हणायचे. रविवारचं काम घ्यायचंच सोडलं होतं त्यांनी. तुम्ही आलात तर घरी असावं म्हणून."

शाळेपासून त्यांचं घर चालत पाच मिनिटांवर आहे.