विहिरीतला बेडूक आणि कोंडाजीचा भोंगा

ग्रामविकास पॅनेलच्या प्रचाराच्या ऐन भरात कोंडाजीने रिक्षातल्या मशीनमध्ये चुकीचा पेनड्राइव्ह खुपसला आणि सुरूबंदर गावाला सकाळी सकाळी एका बेडकाचं भाषण ऐकवलं.

चूक त्याचीच. दोन्ही पेनड्राइव्ह काळे, दोन्ही एकाच खिशात, विड्यांच्या बंडलाला चिकटून. एकात पॅनेलच्या धनेशशेटचा प्रचार, दुसऱ्यात आनंदीबाईंनी लिहिलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण. आवाज दोन्हीकडे कोंडाजीचाच. आणि कोंडाजी स्वतःचा आवाज कधी ऐकत नसे. भोंगा सुरू झाला की दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि रिक्षा हाकायची, हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम.

रिक्षाच्या पुढे-मागे धनेशशेटचे हात जोडलेले फोटो, झुपकेदार मिशांसकट. खाली निशाणी कपबशी. आणि टपावरच्या दोन कर्ण्यांतून आवाज:

"बंधूंनो आणि भगिनींनो! वाळत घातलेली मासळी सगळ्यांची आहे! रखवाली तेवढी बोकोबांची आहे! काल रात्री जे बोंबील कमी झाले, ते वाऱ्यानं उडाले! वाऱ्यावर कडक कारवाई करण्यात येईल… येईल… येईल!"

बाजारपेठेत हशा पिकला. कोंडाजीला वाटलं, प्रचार रंगात आला. त्याने रिक्षाचा वेग कमी केला, एक हात बाहेर काढून लोकांना नमस्कारही केला. कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या बायका पोट धरून खाली बसल्या, तेव्हा खूश होऊन त्याने तिथे आणखी एक फेरी मारली, फुकटात. होमस्टेमध्ये उतरलेलं एक पुण्याचं कुटुंब मोबाइल घेऊन मागे पळत होतं. शेवटी पंचायतीसमोर धनेशने बुलेट आडवी घातली. कोंडाजीने ब्रेक दाबला आणि कानांतले बोळे काढले, आणि त्याच वेळी कर्ण्यातून घोषणा झाली, "बोकोबांचा विजय असो!"

"काका, हे काय लावलंय?"

"तुमचाच परचार, धनेशशेट."

"मी बोका हाय?"

कोंडाजीने फोटोतल्या मिशांकडे पाहिलं, मग समोरच्या मिशांकडे पाहिलं. आणि हात लांबवून मशीन बंद केलं.

कोंडाजीचा आवाज ही सुरूबंदरची सार्वजनिक मालमत्ता होती. हरवलेली म्हैस, रक्तदान शिबिर, तंबूतला सिनेमा, नळाला उद्या पाणी नाही, अमक्याच्या वडिलांची अंत्ययात्रा चारला निघेल, सगळं त्याच आवाजात. निवडणुकीत तर तो दोन्ही पॅनेलांचा. सकाळी एकाचा, दुपारी सुपारीच्या वखारीमागे बॅनर बदलायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा. कुणी टोमणा मारलाच तर त्याचं उत्तर तयार असायचं, "रिक्षात बसनाऱ्याला मी इचारतो का, तुजा इचार काय हाय? जिथं सांगल तिथं सोडतो. तसाच आवाज." कागदावरचे शब्द त्याच्या डोळ्यांतून थेट तोंडात उतरत. वाटेत डोक्यात थांबायची त्यांना परवानगी नव्हती. अर्थ गिऱ्हाइकाचा, आवाज आपला.

आनंदीबाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन जमाना झाला. पोफळीच्या वाडीत एकट्या राहायच्या आणि गेली दोन वर्षं एक कादंबरी लिहीत होत्या. तीत माणूस औषधालाही नव्हता. एक वाडी, तिच्यात वाळणारी मासळी, तिची राखण करायला निवडून आलेला बोका, त्याला पाडायला टपलेलं मुंगूस आणि त्या दोघांचाही ढोल वाजवणारा विहिरीतला बेडूक. "लोक वाचत नाहीत रे, ऐकतात," म्हणून बाईंनी कोंडाजीला बोलावलं. दुपारी पंपाच्या खोलीत बसून तो एकेक प्रकरण वाचून द्यायचा आणि बदल्यात कोकम सरबत प्यायचा. बेडकाचा तर त्याने असा काही आवाज लावला होता की बाई स्वतः लिहिलेलं विसरून हसायच्या.

धनेशने मात्र त्या दिवशी सरळ कागदच हातात दिला. "उद्या बाजार भरला की हे बोलायचं. माइकवर, समोर उभं राहून."

कागदावर होतं: आनंदीबाईंचं वयामुळे डोकं ठिकाणावर नाही. ही गोष्ट विरोधकांनी पैसे देऊन लिहून घेतली आहे.

"बाईंनी तुमालाबी शिकवलंय, शेट."

"म्हणूनच मी बोलत न्हाय, तुम्हाला सांगतोय. आणि नाय बोललात, तर आपल्या पंचायतीत तुमचा कर्णा परत वाजायचा नाही. जत्रेलासुद्धा."

घरी नीराबाईला नवऱ्याआधीच सगळं कळलेलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बोका कोन, त्ये ऱ्हाऊ द्या. बेडूक कोन हाय, कळला का तुमाला?"

"कोन?"

"सकाली बोक्याचा, सांजला मुंगसाचा. सांगा बगू कोन." आणि ती अशी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

कोंडाजी जेवला नाही. अंगणातल्या रिक्षात जाऊन बसला, तोच पेनड्राइव्ह लावला, आवाज बारीक केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कापूस न घालता स्वतःला ऐकलं. बेडूक एकटाच होता, पण विहिरीत घुमायचा म्हणून वाडीला वाटायचं, शंभर बेडूक एकच गोष्ट सांगतायत, तर ती खरीच असणार. गोष्ट वाचणारा माणूस फारच झोकात वाचत होता. कोंडाजीला त्याचा राग आला.

तसाच तो बाईंच्या वाडीत गेला. बाई झोपाळ्यावर होत्या.

"बाई, बेडूक म्हंजे मी का?"

"हो."

त्याला वाटलं होतं, बाई आधी नाही म्हणतील, आढेवेढे घेतील. तेवढ्यात आपल्याला रागावून घेता येईल. तो पायरीवरच बसला.

"निदान भारद्वाज करायचा. दिसायला तरी बरा असतो."

"भारद्वाज विहिरीत राहत नाही, कोंड्या."

"म्हंजे धनेशशेट बोका, तो वाईट. मी बेडूक, मी त्याहून वाईट?"

"बोक्यात वाईट काय आहे? त्याला भूक लागते, तो खातो. मला कधी बोक्याची भीती वाटली नाही." बाईंनी झोपाळा थांबवला. "भीती वाटली ती विहिरीची. तुझ्या त्या मशीनवर तू तेच बटण लावतोस ना, शेवटचा शब्द तीनदा ऐकू येतो ते?"

"इको."

"तेच."

कोंडाजीने खिशातला कागद काढून त्यांना दिला. बाईंनी चष्मा लावून तो वाचला, 'डोकं'मधला राहून गेलेला अनुस्वार दिला आणि कागद परत केला. "वाच उद्या. तुझं पोट आहे त्यावर. मी रागावणार नाही."

"रागवा की जरा," कोंडाजी म्हणाला. "त्येच सोपं गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. धनेश चहाच्या टपरीपाशी उभा होता, शेजारी त्याची माणसं. कोंडाजीने माइक हातात घेतला, मशीनवरचं ते बटण बंद केलं आणि कागदाची घडी न उलगडताच बोलायला लागला.

"मंडळी, काल जे ऐकलंत, ती आनंदीबाईंची गोष्ट. पेनड्राइव्ह चुकला, तो माझ्या हातानं. धनेशशेटचा त्यात काय संबंध न्हाय, आन बाईंना कुनी पैसे दिलेले न्हायत. बाईंचं डोकं शाबूत हाय. गोष्टीत बेडूक कोन, त्ये मला बाईंनी सांगितलं हाय. ज्याला इचारायचं आसल त्यानं मला इचारावं."

एवढंच. कुणी हसलं नाही. आवाज इतका लहान, इतका एकटा आला की कोळंबीवाल्या सखुबाईने टोपलीवरून हात काढून काळजीने विचारलं, "कोंडाजी, घसा बसला का रं?"

धनेश आला. स्वतःच्या हाताने तो बॅनर सोडवायला लागला. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा कोंडाजीने वाकून त्याला विळा दिला.

संध्याकाळी विरोधी परिवर्तन पॅनेलची माणसं हार घेऊन घरी हजर. "कोंडाजीभाऊ, वाघ निघालात! आता एकच करा. ते बोक्याचं प्रकरण मतदानापर्यंत रोज लावायचं, आमच्या बॅनरखाली."

"म्हंजे मुंगसाच्या?"

"काय?"

"काय न्हाय. ती बाईंची गोष्ट हाय, तुमची निशाणी न्हाय," कोंडाजी म्हणाला. हार मात्र नीराबाईने ठेवून घेतला. फुलं ताजी होती.

अशा रीतीने एका दिवसात दोन्ही गिऱ्हाइकं गेली. दोन्ही पॅनेलांनी अलिबागहून रेकॉर्ड केलेले तयार आवाज आणले आणि कोंडाजी नागाव–अलिबाग पॅसेंजर मारायला लागला. निवडणूक धनेशने जिंकली. गोष्टीमुळे एकही मत इकडचं तिकडे झालं नाही. याचं वाईट एकट्या बाईंना वाटलं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

जत्रेलाही आणलेलाच आवाज होता. छान होता, गोल होता. पण ऐन गर्दीत एक पोर हरवलं आणि त्या आवाजाला काही ते पोर सांगता येईना. तो आपला आधीच भरलेला, 'सर्व भाविकांचे हार्दिक स्वागत' यापुढे जाईना. तेव्हा नवे सरपंच धनेशशेट मंडपामागून येऊन कोंडाजीच्या रिक्षापाशी उभे राहिले.

"काका, पोरगी रडतेय. नाव सांगत नाही. या."

"काय बोलू?"

"काय दिसतंय ते बोला."

कोंडाजीने पाहिलं ते सांगितलं. पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल, हातात अर्धी कुल्फी, आईचं नाव विचारलं तर 'आई' म्हणते. पाचव्या मिनिटाला आई धावत आली. त्यानंतर हरवलेल्या म्हशी आणि अंत्ययात्रा हळूहळू त्याच्याकडे परतल्या. निवडणुकीचं अजून कुणी विचारलेलं नाही.

पावसाळ्यानंतर बाईंनी शेवटचं प्रकरण वाचायला बोलावलं. तो माइक लावून बसला. बेडूक विहिरीतून बाहेर येतो, काठावर बसतो, समोर सगळी वाडी जमलेली. तो तोंड उघडतो. आणि पुढे पान कोरं.

"बाई, बोलतो काय तो?"

"ते अजून सुचलं नाही."

"आसं कसं? इतकी परकरनं मी बोक्याचं बोललो, मुंगसाचं बोललो. बेडकाचं स्वतःचं एक वाक्य तरी द्या. तेवढं देनं लागता तुमी माझं."

"लागते," बाई म्हणाल्या. "देईन."

आता रोज पॅसेंजर भरून जाताना कोंडाजी वाडीच्या फाटकाशी रिक्षा थांबवतो आणि दोनदा हॉर्न मारतो. पॅसेंजर वैतागतात. आतून झोपाळ्यावरून बाई हात वर करतात, अजून नाही म्हणून. कोंडाजी मान हलवतो आणि गिअर टाकतो.