थोरल्या साडूंचा पाठ झालेला तक्ता

आमच्या थोरल्या साडूंइतका नजरेचा माज उभ्या रत्नागिरीत कोणी केला नसेल. हापूस न कापता आतला गर साक्याने खराब झालाय की नाही ते सांगत, आणि चुकले तर दोष आंब्याला देत. पंगतीत बसून विहिणीच्या अंगावरचं खोटं सोनं ओळखत, तेही तिला ऐकू जाईल अशा आवाजात. माझ्या नव्या सदऱ्यावरचा शाईचा ठिपका त्यांनी रस्त्यापलीकडून दाखवला होता. मला त्यांचा मनस्वी राग यायचा, आणि ते आले नाहीत तर रविवार सुना जायचा.

सत्तरीनंतर वयाने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब केले. डावा गेलाच. उजव्याच्या पडद्याखाली पाणी साठे. ते सुकावं म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. नेणारा मी. आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचावा लागे. साडू तो खडाखडा म्हणत, कारण बाहेरच्या बाकावर बसून आधीच्या पेशंटांचं वाचन ऐकता ऐकता त्यांनी तो पाठ केला होता. तिसऱ्या खेपेला माझ्या ते लक्षात आलं.

"डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगा," मी म्हटलं.

"ती पोर इतकं मनापासून करते हो. नापास होऊन तिला कशाला हिरमुसवायचं? आणि तुम्ही बोललात, तर तुमच्या घरी पाऊल ठेवायचा नाही मी."

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. जगाच्या चुका काढणारा माणूस माझ्यादेखत कॉपी करत होता. स्कॅनमध्ये पाणी दिसे, पण वाचन उत्तम, म्हणून बाई तेच औषध देत राहिल्या. मग कोणाला कुठलं औषध लागू पडतं याच्या अभ्यासासाठी त्यांनी साडूंच्या डोळ्यातल्या द्रवाचा थेंब मुंबईला पाठवला. उत्तर आलं, हा डोळा या औषधाला दाद देत नसावा. बाईंना शंका आली. त्यांनी नवा तक्ता लावला. साडूंनी त्यावर जुनाच वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"आता पडद्यावर वण झालाय," बाई हळूच म्हणाल्या. "आधी कळतं तर औषध बदललं असतं. काका, यांना कधीपासून दिसत नाहीये?"

"हल्लीच," मी म्हटलं.

परतताना रिक्षात साडूंनी चाचपत माझा हात धरला. "तिच्यापुढे माझी लाज राखलीत. बरं केलंत हो."

तीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक.