चेअरमनच्या दोरीवरचे तांबडे धोतर

जरा जवळ सरका बघू. पोलिसातल्या बाईने आठवण सांगायची म्हटली की तुम्हाला आधी खूनच लागतो. ही तुमची खोड काही चांगली नाही. तरी घ्या, ही गोष्ट खुनाच्या खबरीनेच सुरू होते. इतकी वर्षे झाली, पण ती घटना आजही आठवते आणि आजही हसू येते.

दुष्काळाचे साल. बीडकडच्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. हद्दीतल्या धनगरवस्तीवरची एक आजी रोज चालत ठाण्यात यायची. तक्रार एकच, सरकारी टँकर वस्तीवर येत नाही. चौकशी करावी तर कागदावर रोजची पोहोच, सहीनिशी. टँकर फिरवायचे काम दूध सोसायटीच्या चेअरमनकडे. गळ्यात तुळशीची माळ, कपडे बगळ्यासारखे. त्याच्याविरुद्ध जबाब द्यायला कोणी पुढे येईना.

"आजी, पुरावा लागतो," मी म्हणाले.

"खंडोबा बघतोय की, बाईसाहेब."

"तो बघतोय, तर चेअरमनची बाग हिरवी कशी?"

"त्याचं त्याला ठावं. पर बाजारापतुर पाणी न्हाई आलं, तर माझी मेंढरं नेकनूरच्या बाजारात खाटकाकडं जात्याल."

बाजाराला दोन दिवस उरले आणि ठाण्यात निनावी फोन आला. "चेअरमनच्या दोरीवर रक्ताचे कपडे वाळतेत!" स्टेशन डायरीला नोंद केली अन् जमादाराला घेऊन निघाले.

अंगणात दोरीवर धोतर, सदरा, टोपी, सगळ्यांवर तांबडेभडक डाग. जमादार कानाशी लागला, "मॅडम, हे एकाचं काम न्हाई. दोन तरी गेलेत."

मला मात्र बघताक्षणीच कळले. हळदीच्या कापडाला साबण लागला की ते असे तांबडे होते. कुठल्याही बाईला हे सांगावे लागत नाही. जमादाराने जन्मात रुमाल धुतला नव्हता. मी ते मनातच ठेवून चेअरमनकडे वळले.

"कुणाचं रक्त?"

चेअरमन लगबगीने दोरीपुढे आला. "को... कोंबडं कापलं."

"माळकऱ्याच्या घरी?"

त्याने माळ मुठीत धरली. "न्हाई, न्हाई! कोंबडं न्हाई!"

"म्हणजे माणूस!" जमादाराने बेडी काढली.

"अहो, हळद हाय ती! टँकरचं पाणीच पिवळं आलतं!"

"कोणत्या टँकरचं?"

त्याने नकळत घरामागे पाहिले, आणि तिथल्या हौदात पडणारी धार आम्हा सगळ्यांना ऐकू आली. जाऊन पाहिले तर टँकर नळी सोडून उभाच!

पंचनामा तिथेच केला. उरलेले पाणी त्याच सांजेला वस्तीवर पोहोचले. मेंढरे बाजाराला गेली नाहीत.

आजीचा जबाब घेताना उलगडा झाला. ड्रायव्हर चहाला गेला तेव्हा तिने शिडीवर चढून जत्रेतला पिशवीभर भंडारा टँकरमध्ये ओतला होता. "पाणी जाईल तितं देवानं जावं, एवढंच म्हणले."

मी चिडवले, "देवावर एवढा भरवसा, मग हळद कशाला टाकली?"

"देव बघतच हुता, बाईसाहेब. दिसत तुमाला न्हवतं."

पुढे नोकरीत वाईटाचीच सरशी होताना कितीदा तरी पाहिली. अशा वेळी, देव कुठे आहे असे विचारण्याआधी मी माझा चष्मा पुसायला शिकले.

असो. नुसते वाचून जाऊ नका, लवकर घरी या. चांगले पिवळेधमक पिठले करते. फक्त पांढरे कपडे घालून येऊ नका.