कड्यामागच्या माणसाचा वाटा

गायी तळ्यापलीकडच्या कुरणात न्यायच्या दिवशी नावाडी क्विरिन पहाटे साडेतीनला उठला. पलीकडे रस्ता नाही, नुसते कडे. म्हणून आमच्या गायी जूनमध्ये तराफ्यानं वर जातात आणि थंडी पडली की तराफ्यानंच परततात. माणसांपेक्षा शांत बसतात. फोटो काढत नाहीत.

गायीला तराफ्यावर चढवायला जोर लागतो, असं शहरातल्यांना वाटतं. जोर लावला की गाय पाण्यात आणि आपण तिच्याखाली. खांदा तिच्या मांडीला टेकवायचा आणि तिच्या मनात येईपर्यंत तसंच उभं राहायचं. क्विरिननं एकेक करून सगळ्या चढवल्या. शेवटची बारोनेस. तिच्या मनात आलं तेव्हा तिनं मान झटकली, आणि क्विरिनचे वरचे पुढचे दोन दात तळ्यात गेले.

"संत निकोलसाला वाहिले समज," गायींचा मालक म्हणाला. "नावाड्यांचा देव आहे तो."

"त्याला स्वतःचे नाहीत काय?" क्विरिन रक्त थुंकून म्हणाला, आणि त्यानं तराफा पलीकडे नेऊन पोचवला. काम अर्धं टाकायची त्याला सवय नव्हती.

पण दात नुसते चावायला नव्हते. प्रवासी बोट तळ्याच्या मध्यावर आली की मोठ्या कड्यासमोर थांबवायची, मोटर बंद करायची आणि नावाड्यानं उभं राहून ट्रंपेटवर चार ओळी वाजवायच्या. प्रत्येक ओळ कडा परत करतो. मग टोपी फिरते, आणि आमचा प्रत्येक नावाडी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला एकच विनोद करतो : "अर्धे माझे, अर्धे कड्यामागं उभ्या असलेल्या माणसाचे. पोरंबाळं आहेत बिचाऱ्याला!" लोक हसतात आणि टोपीत टाकतात. आता ट्रंपेट ओठांवर टेकतं आणि ओठ दातांवर. दात नाहीत तर सूर नाही, नुसती हवा. क्विरिननं घरी फुंकून पाहिलं. कुत्रा उठून बाहेर गेला.

बोटींचा मुकादम श्टाडलर. त्याचा नियम सरळ होता : जो वाजवत नाही तो बोटीवर नाही. त्यानं गाड्यांच्या तळावर उभं राहून पावत्या फाडायच्या. तिथून तळं दिसतही नाही. दिसतात ती बसगाड्यांची ढुंगणं. दातांचा डॉक्टर म्हणाला, हिरडी भरायला उन्हाळा जाईल, आणि येताना पैसे घेऊन ये.

"मी मरेन त्या तळावर," क्विरिन बायकोला म्हणाला.

झेन्झी बटाटे सोलत होती. गावच्या बँडमध्ये ती पहिलं ट्रंपेट वाजवायची. तरुणपणी तिनं बोटीवर काम मागितलं होतं. बाईमाणूस वाऱ्यात टिकत नाही, असं तिला सांगितलं गेलं होतं. ते सांगणाऱ्यांपैकी निम्मे वाऱ्यानंच गेले.

"मरू नकोस, धुणं पडलंय," ती म्हणाली. "तू नुसतं तोंडाला लाव. मी वाजवते."

"कुठून?"

"कड्यामागून. इतकी वर्षं त्याच्या नावानं पैसे मागतोस ना? मग ठेव की माणूस."

दुसऱ्या दिवसापासून झेन्झी पहिल्या बोटीआधी होडी वल्हवत जायची आणि कड्याच्या पायथ्याशी, पुढं आलेल्या खडकाआड दबा धरून बसायची. सोबत लोकरीचं पांघरूण, कॉफीचा थर्मास आणि सॉसेज. क्विरिन उभा राहायचा, गाल फुगवायचा. आवाज कुठून येतो ते कुणाला कळेना. कडा प्रामाणिक, जे मिळेल ते परत करत होता.

घोटाळा वेगळाच झाला. वाजवणं फार चांगलं व्हायला लागलं.

एके दिवशी श्टाडलर स्वतः बोटीत येऊन बसला. "तिसऱ्या ओळीतला तो वरचा सूर तू जन्मात कधी गाठला नाहीस," तो म्हणाला. "दात पडल्यावर गाठतोस?"

"अडथळा गेला ना, मुकादम."

कड्यासमोर मोटर बंद झाली. क्विरिननं ट्रंपेट उचललं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला, कुणाच्या तरी केकवरची एक गांधीलमाशी उडाली आणि क्विरिनच्या नाकावर बसली. त्यानं ट्रंपेटनंच तिला हाणलं.

वरचा सूर मात्र स्वच्छ लागला. कड्यानं तो परतही केला.

 पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, म्हणजे खरंच आहे की तिथं माणूस!"

"बोट तिकडं घे," श्टाडलर म्हणाला.

क्विरिननं घेतली. खडकाला घासूसुद्धा दिली नाही. खडकाआड झेन्झी पांघरुणात बसली होती, एका हातात ट्रंपेट, दुसऱ्यात अर्धं सॉसेज.

"मुकादम, आलाच आहात तर हात द्या," ती म्हणाली. "बूड गारठलंय माझं."

श्टाडलरनं काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं. पण मागं लोक टाळ्या वाजवत उभे राहिले होते आणि टोपी कुणी न फिरवताच फिरत होती. ती त्याच्यापर्यंत आली तेव्हा काठोकाठ भरली होती. त्यानं तोंड मिटलं.

"उद्यापासून बोटीतच उभी राहा," तो तिला म्हणाला. "वाऱ्यात टिकशील ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

उन्हाळाभर क्विरिननं सुकाणू धरलं आणि झेन्झीनं वाजवलं. कड्यामागच्या माणसाचा वाटा रोज तिच्या पिशवीत गेला. क्विरिननं एकदा हात पुढं केला. तिनं त्यावर सोललेला बटाटा ठेवला.

गायी खाली आल्या. बारोनेसला या वेळी दुसऱ्यानं चढवलं. त्याच आठवड्यात झेन्झी नवऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. रंग कोणता हवा, असं डॉक्टरनं विचारलं.

"बाकीच्यांसारखे पिवळे," ती म्हणाली. "उगाच नवरदेव दिसायला नको."

घरी येऊन क्विरिननं आरशात पाहिलं, ओठ ताणले आणि खुंटीवरच्या ट्रंपेटकडे हात नेला.

"ठेव ते," झेन्झी म्हणाली. "दात माझ्या पैशाचे आहेत. चावायला घेतलेत. बस जेवायला."