व्हॅनच्या इंजिनाची लाल गाडी

माझ्या आत्याने उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या डबड्यात, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, ती घामाघूम शिकाऊंच्या शेजारी बसायची. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी एक गाडी घेतली. जुनी, लाल, बसकी, दोनच सीटांची आणि छत उघडणारी. टेम्पोला दोर बांधून ती ओढत आणावी लागली, कारण इंजिन साफ जाम झालं होतं.

बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, डोक्याला हात लावून दारात उभे राहिले. त्यांची स्वतःची गाडी कायम कापडाखाली झाकलेली असायची. ती आईने पुसायची, पण चालवायची नाही.

"अगं, हिचं इंजिन आता जगाच्या पाठीवर कुठे मिळायचं नाही," ते म्हणाले.

"हिचं कशाला हवंय, दादा? पार्सलच्या व्हॅनचं बसवते."

तसल्या व्हॅन गल्लोगल्ली फिरायच्या, कुठेतरी आपटायच्या आणि भंगारात यायच्या. पत्रा चेपलेला, पण इंजिन ठणठणीत. किंमत विचाराल तर भंगारवाला ते उचलून नेल्याबद्दल आभारच मानायचा.

मिस्त्रीने मात्र नाक मुरडलं. "ताई, घोड्याला गाढवाचं काळीज बसवताय."

"गाढव रोज कामाला जातं ना? मग बसवा!"

काम सोपं नव्हतं. इंजिन ज्यांवर बसतं ते आतले जुने टेकू कापून नवे वेल्ड करावे लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळेनात, तेव्हा मध्ये बसवायला एक जाड पोलादी प्लेट घडवून घेतली. एवढं करून बॉनेट मिटेना. आत्याने बॉनेटलाच सरळ भोक पाडायला लावलं. तिथून इंजिनाचं डोकं टेंगळासारखं वर आलेलं दिसायचं. पण गाडी सुरू झाली आणि मिस्त्रीच आधी हसला. इंजिन सामान ओढायला बनलेलं, आणि गाडी हलकीफुल्की. चढावर ती शेपटीला आग लागल्यासारखी पळायची.

पहिल्या फेरीहून आल्यावर आत्याने आईला हाक मारली. "वहिनी, ये, बस. तिकडे नाही, स्टीअरिंगपाशी."

आईने पदराला हात पुसले. पन्नाशी उलटलेली, पण आजवर किल्लीही फिरवली नव्हती. "वन्सं, माझ्या हातून बिघडली तर?"

"दुसरं इंजिन आणू. ढिगाने पडलीयत."

असं तिला आधी कुणी म्हटलंच नव्हतं. आई शिकली. फाटकाचा खांब घासला, शेजाऱ्यांच्या कुंड्या गेल्या, पण शिकली. परवाना हातात आला त्याच आठवड्यात, एका सकाळी कुणाला न सांगता एकटीच घाट चढायला गेली. परत आली ती टेम्पोमागे बांधलेली.

अंगणात उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पाण्याचा पाइप फुटला. वाफ येत होती, पण वाटलं, माथ्यावर पोचू आणि मग थांबू. धाडकन आवाज आला. वन्सं, तुमची गाडी मारली मी."

"तरी मी सांगत होतो!" बाबा म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "माथ्यावर पोचलीस?"

"पोचले."

"वळणांवर गिअर खाली घेतलास?"

"प्रत्येक वळणाला."

"मग इंजिन कामी आलं म्हणायचं! इंजिन तापल्याचं दाखवणाऱ्या काट्याकडे कधी बघायचं, तेवढं शिकवायचं राहिलं. चूक माझी."

आई आधी रडली, मग दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे आईच गेली. हात काळे करून, तेल बघून, इंजिन तिनेच निवडलं. टेकू तयारच होते, त्यामुळे मिस्त्रीने चहा पीत, गप्पा मारत दुपारभरात ते बसवून दिलं.

माझी मावशी दूरच्या शहरात राहते. तिच्याकडे जायचं तर बाबांना सवड कधी होते, याची आई वर्षानुवर्षं वाट बघत आली होती. यंदा आत्याला शेजारी बसवून ती स्वतः निघाली. छत उघडं, दोघींच्या डोक्याला रुमाल बांधलेले.

संध्याकाळी बाबांनीच काळजीने फोन लावला.

"पोचलो केव्हाच," आई म्हणाली. मागे मावशी आणि आत्या मोठमोठ्याने बोलत होत्या. "परत कधी येऊ, ते अजून ठरवलं नाही."