वर केलेला हात

गणूतात्यांची शोकसभा आटोपून वक्तेमंडळी परतीच्या लाँचमध्ये बसली होती. आमच्या बेटाची होडी तात्यांनी जन्मभर वल्हवली. माडांतून कुणी नुसता हात वर केला, तरी ते सुटलेली होडी मागे आणायचे. मघाशी भाषणात एकेकाने हेच रंगवून सांगितलं होतं.

तेवढ्यात तात्यांची बायको, पार्वतीकाकी, लेकीकडे जायला धापा टाकत आली. तिने लांबूनच हात वर केला.

"अहो, थांबा!" मी धक्क्यावरून ओरडलो.

"सोड रे लाँच, उशीर होतोय," आतून कुणीतरी खेकसलं.

कुजलेल्या मासळीनेही मला कधी शिसारी आली नव्हती, आज आली. मेलेल्याचे गोडवे गायला काय लागतं!

लाँच सुटली तरी काकीचा हात अजून वरच होता. प्रमुख वक्त्यांनी तो पाहिला, आणि प्रेमाने आपलाही हलवला.